पाण्यात चालतो

मल्लिनाथआप्पा विहिरीच्या काठावर येऊन उभा राहिला तेव्हा वैजनाथ पाण्याखाली होता. दोर तुटून तळाला गेलेल्या मोटारीला तो अंधारात चाचपडत नवा दोर बांधत होता. वर आला तो नाकातोंडातून पाणी उडवतच. कडेच्या दगडाला धरून नुसता दम खात राहिला. ओठ काळेनिळे पडले होते, बोटांची कातडी उकडलेल्या शेंगेसारखी सुरकुतली होती.

"ओढा आता. हळू. डाव्या अंगाला कपार हाय, घासू देऊ नका," तो वरच्या गड्यांना म्हणाला.

चाकूरच्या आजूबाजूच्या गावांत कुणाची मोटार बुडाली, कुणाच्या पंपाचा फुटवॉल गाळात रुतला की वैजनाथला हाक जायची. उंचीनं बेताचा, पण छाती रांजणासारखी. डाव्या कानात लहानपणीच पाणी जाऊन तो कान निम्मा गेला होता. वरून विहिरीत बघणाऱ्याला पाण्याचा हिरवा रंग तेवढा दिसे. तळाला काय आहे ते वैजनाथ वर येऊन सांगेल तेच. 'मोटार फुटलीय, काढण्यात राम न्हाई' म्हणाला की मालक ती तिथंच सोडून द्यायचा. 'झरा बुजलाय' म्हणाला की दुसरीकडं बोअर घ्यायचा. खाली जाऊन खात्री करायची कुणाला गरज वाटली नव्हती.

मोटार वर निघाली. वैजनाथ अंग पुसत होता तेव्हा मल्लिनाथ जवळ आला. चाकूरला स्टँडसमोर त्याचं मोबाईलचं दुकान होतं.

"वैजनाथराव, एक काम हाय. पाण्यातलंच, पण वझं न्हाई." त्यानं खिशातून नवा कोरा फोन काढला. "हा पाण्यात चालतो. कंपनीच म्हणते. म्या दुकानात गलासात बुडवून दाखिवतो, तं लोक म्हणतेत गलासात कुणी बी बुडवंल. तुम्ही हिरीत घेऊन जावा. म्या वरून शूटिंग घेतो."

"बिघडला तं, आप्पा?"

"बिघडला तं माझा. न्हाई बिघडला तं तुमचा."

गडी हसले. वैजनाथही हसला. मल्लिनाथनं फोनची बत्ती लावून दिली आणि तो फोन मुठीत धरून वैजनाथनं परत सूर मारला.

इतकी वर्षं त्यानं विहिरींचे तळ हातानंच बघितले होते. त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितला. बत्तीच्या उजेडात गाळ धुरासारखा उठला, मग बसला. शेवाळलेल्या पायऱ्या दिसल्या, कुणाचा तरी पडलेला पितळी तांब्या दिसला, कपारीत मान आत ओढून बसलेलं कासव दिसलं. छाती फुटायला आली तरी त्याला वर यावंसं वाटेना. वर आला तेव्हा तो लहान पोरासारखा हसत होता. हात उंच करून ओरडला, "बघा, चालू हाय! तळ दिसला मला, तळ!"

मल्लिनाथनं पुढचं कापून 'बघा, चालू हाय!' एवढंच ठेवलं आणि व्हिडिओ सगळ्या ग्रुपांवर सोडला.

आठवडाभरात तो सगळ्यांच्या फोनवर फिरला. अहमदपूरच्या बाजारात भाजीवाल्यानं वैजनाथला ओळखलं आणि कोथिंबिरीची जुडी वरून दिली. एस.टी.त कंडक्टर म्हणाला, "बघा, चालू हाय, का?" उज्वला, त्याची बायको, नळावर पाणी भरताना बायांना आपणहून सांगायची, "आमच्या ह्यांनाच बोलिवलं आप्पानं. दुसऱ्या कुणाचा भरवसा न्हाई म्हणला." वैजनाथही कुठं निघाला की धुतलेला सदरा घालू लागला.

बक्षीस म्हणून मिळालेला फोन मात्र थोड्याच दिवसांत कुरकुरायला लागला. समोरच्याचा आवाज घागरीतून आल्यासारखा यायचा. मग कॅमेऱ्याच्या काचेच्या आतून वाफ धरली. एका सकाळी चार्जिंगवरून काढला तर पडदा काळाच. वैजनाथनं तो धोतराच्या सोग्यात गुंडाळून चाकूर गाठलं.

दुकानात गिऱ्हाईक होतं. मल्लिनाथनं वैजनाथच्या तोंडाकडं बघितलं आणि खुणेनंच मागच्या खोलीत बोलावलं. फोन हातात घेतला, दाबून बघितला, ड्रॉवरमध्ये टाकला आणि तसाच दुसरा काढून त्याच्या हातात दिला.

"एखादा नग निघतो असा. कुणाला बोलू नका."

"आप्पा, पाण्यानंच गेलाय ह्यो."

"तुम्हाला नवा दिला का न्हाई? मंग."

बाहेर एक नवरा-बायको फोन बघत उभे होते. काउंटरवरच्या टीव्हीवर वैजनाथ विहिरीतून वर येत होता, परत वर येत होता, परत वर येत होता. त्या बाईनं टीव्हीकडं बघितलं, मग दारातून निघालेल्या वैजनाथकडं, आणि नवऱ्याला कोपर मारलं. वैजनाथ खाली मान घालून बाहेर पडला. घरी त्यानं काही सांगितलं नाही. फोन तसाच दिसत होता, त्यामुळं उज्वलाला कळायचं कारण नव्हतं.

पाडव्याच्या आधी सिंधूचा फोन आला. सिंधू त्याची धाकटी बहीण. विष्णुपुरी धरणाच्या अलीकडं गोदावरीच्या फुगवट्याला लागून तिचं सासर, केळीचा पट्टा. नवरा शिवम स्वतःच्या पिकअपमध्ये केळी भरून नांदेडला व्यापाऱ्याकडं टाकायचा.

"दादा, हितं बाजारात तुझाच व्हिडिओ दाखवून इकायलेत फोन," ती हसत म्हणाली. "ह्यांचा फोन लई जुना झालाय. वल्ल्या केळीत, पावसात काम. मी म्हणलं पाडव्याला ह्योच घेऊ. तू सांग, घेऊ का?"

वैजनाथनं फोन उजव्या कानाला घट्ट धरला. उज्वला शेजारी ज्वारी निवडत होती. सिंधूचा हसरा आवाज ऐकून तीही हसत होती, आणि 'आपल्यासारखाच फोन घेतेत का?' असं हातानं विचारत होती.

"दादा? ऐकू येतंय का?"

"घे की," वैजनाथ म्हणाला.

*

पंचमीला अजून अवकाश होता तेव्हाच सिंधू आली. फाट्यावर उतरून एकटीच पिशवी घेऊन चालत आली. उज्वलानं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, "बरं झालं वन्सं, सणाच्या आधीच आलात. दाजी न्हाई आले?"

"त्यांना लोडिंग हाय," सिंधू म्हणाली.

जेवणं झाल्यावर तिनं पिशवीतून रुमालात बांधलेला फोन काढून वैजनाथपुढं ठेवला.

"बंद पडलाय, दादा."

शिवमनं तो नदीत बुडवला होता. मुद्दामच. केळी भरणारे हमाल काठावर जेवायला बसले होते, विषय निघाला, आणि ह्यानं 'माझ्या मेव्हण्यानं हिरीत नेला, हे तं नदीचं पाणी' म्हणत गुडघाभर पाण्यात उतरून फोन बुडवून दाखवला. हमालांनी शिट्ट्या मारल्या. दुपारपर्यंत फोन मेला. व्यापाऱ्याचा निरोप पोहोचला नाही. काढलेली केळी बांधावर दोन उन्हं खात पडली, काळी झाली, आणि व्यापाऱ्यानं ते काम दुसऱ्या गाडीवाल्याला देऊन टाकलं. आता हमाल शिवमला बघितलं की 'बघा, चालू हाय' म्हणायचे.

"नांदेडला दाखिवलं. ते म्हणतेत पाणी गेलंय, वारंटीत बसत न्हाई. नीट करायला नव्या फोनाइतकंच लागतंय," सिंधू म्हणाली. "हे म्हणले, तुझ्या भावाला दे. त्यानं सांगितलं म्हणून घेतला. नीट करून आण, मंग ये."

'मंग ये' हे ती इतक्या हलक्या आवाजात म्हणाली की वैजनाथला निम्म्या गेलेल्या कानानं ऐकू आलंच नाही. उज्वलाच्या चेहऱ्यावरून कळलं.

पंचमी झाली. सिंधूनं मेंदी लावली, वारुळाला गेली, झोक्यावर बसली. इतर लेकीबाळींना न्यायला माणसं आली, गाड्या आल्या. सिंधूला न्यायला कुणी आलं नाही. बाया नळावर विचारायच्या, "सिंधू, हाय का अजून?" ती म्हणायची, "मुगाच्या शेंगा तोडून जाते. वैनीला एकटीला हुत न्हाई."

वैजनाथ फोन घेऊन मल्लिनाथकडं गेला. मल्लिनाथनं सिमचा कप्पा ओढून आत बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"ह्यो माझ्या दुकानातला न्हाई, म्हणून मला बदलून देता येत न्हाई. लातूरला कंपनीचं सेंटर हाय, तिथं जावा. पण पाण्याचं नाव काढू नका. खिशात असता असता आपोआप बंद पडला म्हणा. मशीनचा दोष म्हणलं की कंपनी बदलून देते."

"खोटं बोलू?"

मल्लिनाथनं त्याच्याकडं बघितलं. "एवढंच की, राव," तो म्हणाला.

*

सेंटर लातूरला एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं. आत गारठा. काचेचं दार ढकलायचं का ओढायचं हे कळेपर्यंत वैजनाथ बाहेरच्या बाहेर दोनदा धडकला. खुर्च्यांवर माणसं नंबर धरून बसली होती. त्याचा नंबर आला तेव्हा काउंटरमागं एक मुलगी होती. छातीवरच्या पट्टीवर प्रियदर्शनी असं नाव होतं.

"काय झालंय, मामा?"

"बंद पडलाय."

"पाण्यात पडला होता?"

"न्हाई."

"पावसात भिजला?"

"न्हाई बाई. खिशात हुता. खिशातल्या खिशात बंद पडला."

तिनं बारीक सुई घालून सिमचा कप्पा काढला, छोट्या बत्तीनं आत बघितलं आणि फोन त्याच्याकडं वळवला. "इथं आत एक खूण असते. पांढरी. पाणी लागलं की लाल होते. बघा."

वैजनाथनं वाकून बघितलं. लाल होती.

"घाम लागला आसंल," तो म्हणाला. "आमचं काम उन्हातलं. घाम बी पाणीच असतंय की."

मागं कुणीतरी फसकन हसलं. वैजनाथचे कान तापले. त्या गारठ्यातही बगलेत खरंच घाम फुटला. मागच्या खुर्चीवरचा एक माणूस उठून पुढं आला, हेल्मेट हातात धरून त्याच्या तोंडाकडं निरखून बघू लागला.

"मामा, तुम्ही ते विहिरीवाले ना? हो, तुम्हीच!" त्यानं फोन काढला, बोट फिरवलं, आणि त्या शांत खोलीत वैजनाथचाच आवाज घुमला: "बघा, चालू हाय!"

सगळी खोली हसली. वाईट हसणं नव्हतं ते. ओळखीचं माणूस भेटल्यावर हसतात तसं होतं. एकानं तर जवळ येऊन फोटो काढू का विचारलं. हेल्मेटवाल्यानं परत लावला. पडद्यावरचा वैजनाथ परत वर आला, दात दाखवत, डोळ्यांत पाणी चमकत. काउंटरवर हात टेकून उभा असलेला वैजनाथ त्याच्याकडं बघत राहिला.

प्रियदर्शनी हसली नव्हती. सगळं शांत झाल्यावर तिनं विचारलं, "मग काय सांगू कंपनीला, मामा?"

"पाण्यात घातला हुता," वैजनाथ म्हणाला. "नदीच्या."

"मग वॉरंटीत नाही बसत."

"पण पाण्यात चालतो असं कंपनीच म्हणते की, बाई."

"पाण्यापासून बचाव होतो एवढंच म्हणते. तेही स्वच्छ पाणी, न हलणारं, थोडा वेळ. नदीचं नाही, साबणाचं नाही. आतलं रबर जुनं होतं, फोन पडला-आपटला तर फट पडते. आणि पाणी गेलं तर जबाबदारी कंपनीची नाही."

"म्हंजे चालतो बी, आन बिघडला तं आपला."

"हो," ती म्हणाली. मग फोन त्याच्याकडं सरकवत, जराही आवाज न चढवता म्हणाली, "रोज येतात, मामा, असे फोन. कुणी हौदात बुडवलेला, कुणी ओढ्यात. का बुडवला विचारलं की सगळे हेच सांगतात, त्या मामांचा बघितला म्हणून."

वैजनाथनं फोन उचलला. निघताना दार ओढायचं ते ढकलत राहिला. कुणीतरी उठून उघडून दिलं.

स्टँडवरच्या नळाखाली त्यानं तोंड धुतलं आणि टॉवेल तोंडावर धरून बराच वेळ तसाच बाकड्यावर बसून राहिला. चाकूरची गाडी लागली, भरली, निघून गेली. तो पुढच्या गाडीनं आला.

*

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात एका मळ्यात मोटार काढायला बोलावणं होतं. वैजनाथ दोनदा खाली जाऊन आला. मोटारीवर कठड्याचे दगड ढासळले होते, बॉडी चिरली होती.

"फुटलीय," वर येऊन तो म्हणाला. "काढून उपेग न्हाई."

मालक विहिरीच्या तोंडाशी चवड्यावर बसला होता. नेहमी 'बरं' म्हणणारा माणूस. तो जरा घुटमळला. म्हणाला, "वैजनाथराव, राग मानू नका. तुमच्याकडं त्यो फोन हाय की पाण्यातला. जरा तळाचा फोटो काढून आणता का? पुण्याला लेक हाय, त्याला धाडतो. त्यो म्हणला बघितल्याशिवाय नवी घेऊ नका."

वैजनाथ पाण्यातल्या पायरीवर उभा होता. खांद्यावर शेवाळाचा चट्टा, कोपर खरचटून रक्त आलेलं. त्यानं वर बघितलं. मालकानं नजर दुसरीकडं वळवली.

"त्यो फोन पाण्यात नेत न्हाई मी आता," वैजनाथ म्हणाला.

"बरं बरं. मंग मोटारच वढू वर. फुटकी तं फुटकी."

दिवस मावळेपर्यंत दगड एकेक करून बाजूला करत त्यानं ती फुटकी मोटार वर काढली. चिरलेली बॉडी मालकानं हात फिरवून बघितली, मग म्हणाला, "हाव, फुटलीच की." वैजनाथ दोर गुंडाळत राहिला. तळहाताची सालं निघाली होती.

सकाळी मुगात सिंधू एकटीच शेंगा तोडत होती. उज्वला घरी होती. वैजनाथ शेजारच्या ओळीला लागला. सोललेल्या हातांना मुगाची लव झोंबत होती.

"सिंधू," तो म्हणाला, "माझा फोन बी बंद पडला हुता."

"कवा?"

"हिरीतून काढला, त्याच्यानंतर थोड्याच दिसात. आप्पानं गुपचूप दुसरा दिला."

सिंधूचे हात चालूच होते. "म्हंजे मी पाडव्याला इचारलं त्याच्या आधी का मागून?"

"आधी."

आता हात थांबले. ओच्यात शेंगा धरून ती तशीच वाकलेली राहिली.

"मंग घे कामून म्हणलास, दादा?"

"उज्वला बाजूला बसली हुती," तो म्हणाला. "समदा तालुका मला मानून राहिला हुता. कसं सांगावं कळंना. लाज वाटली."

"मला फसवायची न्हाई वाटली?"

सिंधूनं ओच्यातल्या शेंगा पोत्यात टाकल्या आणि बांधावर जाऊन बसली. पदरानं तोंड पुसलं. रडत नव्हती.

"तुला वाटतंय फोनसाठी धाडलं मला," ती म्हणाली. "फोनसाठी न्हाई. हे म्हणले तुझा भाऊ लबाड हाय, दुकानदाराकडनं खाऊन बसला. मी म्हणलं, माझ्या दादाला काय बी म्हणा, लबाड म्हणू नका. त्यो तळ बघून सांगणारा माणूस हाय. त्यांनी आवाज चढिवला, मी बी चढिवला. सासऱ्यांच्या देखत. हमालांच्या देखत. म्हणून धाडलं."

वैजनाथ मुगात उभा राहिला.

"मी येतो तुझ्यासंगं," तो शेवटी म्हणाला. "दाजीला समदं सांगतो. पाया पडतो. माझा फोन त्यांना देतो."

"फोन दे," सिंधू म्हणाली. "सांगू नको."

"का?"

"मी तिथं तुझ्या शब्दावर उभी हाय. त्यो बी काढून घेतलास तं मी कशावर उभी राहू? तुझं मन हलकं हुईल. मला तिथंच नांदायचंय."

ती उठली आणि परत ओळीला लागली. पोतं भरलं तेव्हा एका बाजूनं तिनं धरलं, एका बाजूनं त्यानं, आणि तसंच घरी आणलं.

*

दोघं नांदेडच्या एस.टी.त बसली. अहमदपूर, लोहा मागं पडलं. सिंधू खिडकीशी बसून बाहेर बघत होती. वैजनाथच्या खिशात फोन होता. सिम काढून घेतलेला, उज्वलानं तेलाच्या बोटानं पुसलेला. उज्वलाला काय सांगायचं ते सिंधूनंच सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "वैनी, दादा स्वतःचा द्यायलाय मला," आणि उज्वलानं डोळे पुसले होते.

घरापुढं पिकअप उभी होती, हौद्यात केळीचा वाळला पाला. सिंधूचे सासरे ज्ञानोबा ओट्यावर विळ्याला धार लावत बसले होते. त्यांना सगळे ग्यानोबाच म्हणत. शिवम आतून आला. सिंधूला बघून त्याचं तोंड आधी उजळलं, मग त्यानं ते आवरून घेतलं.

"या पाव्हणं," ग्यानोबा म्हणाले. "सिंधे, पाणी आण."

वैजनाथनं फोन काढून शिवमच्या हातात दिला. "घ्या दाजी."

शिवमनं उलटसुलट करून बघितला. बटन दाबलं. पडदा उजळला. "चालू हाय," तो म्हणाला, आणि आपण काय म्हणालो ते ध्यानात येऊन ओशाळला.

"कंपनीनं बदलून दिला व्हय?" ग्यानोबांनी विचारलं.

वैजनाथनं तोंड उघडलं. सिंधू पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती.

"हाव मामा," ती म्हणाली. "दादा लातूरला खेटे घालून आला. भांडला तिथं. दिल्याबिगर उठत न्हाई म्हणला."

"बघ!" ग्यानोबा शिवमला म्हणाले. "मी काय म्हणलो हुतो? शब्दाला जागणारा माणूस हाय. नांदेडवाल्यांनी तुला हाकलून लावलं, ह्यांनी बदलून आणला."

शिवम खाली बघत हसला. "चुकलं माझं, पाव्हणं. रागात लई बोललो मी तुम्हाला. सिंधूला बी." आणि तो खरंच वैजनाथच्या पायाशी वाकला. वैजनाथनं त्याचे दंड धरून वर ओढलं.

स्वयंपाक झाला. पुरण घातलं होतं. शेजारचे दोघे-तिघे गोळा झाले, त्यांत शिवमचे हमालही होते. वैजनाथला पाटावर बसवलं. सिंधू वाढत होती. पोळी वाढली, तूप वाढलं, गुळवणी वाढली. एकदाही तिनं त्याच्या डोळ्याला डोळा दिला नाही. घास तोंडात फिरत राहायचा. पाण्यासंगं तो खाली ढकलायचा, की पुढची पोळी पानात यायची.

शिवमचा आवाज मोकळा झाला होता. हमालांना फोन दाखवत तो म्हणाला, "आता बघा बे. बादली आणा रे पाण्याची!"

एकानं बादली आणून अंगणात ठेवली. शिवमनं फोन वर धरला.

"नको!" वैजनाथ ओरडला. खरकटा हात तसाच पुढं झाला होता. सगळे थांबले.

"कामून, पाव्हणं?" शिवम म्हणाला. "तुम्ही तं हिरीत नेला हुता."

सगळ्यांची तोंडं वैजनाथकडं वळली होती. सिंधू चुलीजवळच्या दारात पुरणाचं पातेलं घेऊन उभी होती. आता मात्र ती त्याच्याकडं बघत होती.

"कंपनीनं सांगितलंय," वैजनाथ म्हणाला. आवाज कसा एकसारखा निघाला ह्याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. "आतलं रबर एकदाच टिकतंय. त्यो हिरीतला नग येगळा हुता, शूटिंगसाठी खास बनिवलेला. हे बाजारातले तसे नसतेत. परत पाण्यात घातला तं कंपनी जिम्मेदारी घेत न्हाई."

"आसं व्हय," एक हमाल म्हणाला.

"ते म्हणतेत म्हंजे तसंच आसंल," ग्यानोबा म्हणाले. "ने रे ती बादली. गुरांना ठेव."

बादली गेली. वैजनाथनं हात परत पानाकडं आणला. सिंधूनं पातेल्यातून डावभर पुरण काढून त्याच्या पानात वाढलं. त्यानं नको म्हटलं नाही.

निघताना ग्यानोबांनी त्याला टॉवेल-टोपी केली, केळीचा एक घड बांधून दिला. सिंधू फाट्यापर्यंत घालवायला आली. शिवम गाडीवरून सोडतो म्हणत होता, पण तीच म्हणाली, "मी जाते की दादासंगं." पाणंदीतून चालताना डाव्या हाताला फुगवट्याचं पाणी लांबवर पसरलेलं होतं. वैजनाथच्या खांद्यावर घड होता. त्याचा चीक सदऱ्याला लागून काळे डाग पडत होते.

"आवंदा माहूरला जायचं म्हणायलेत हे," सिंधू म्हणाली. "देवीला."

"जाऊन या."

फाट्यावर दोघं उन्हात उभी राहिली. समोरून एक-दोन ट्रक गेले.

"दादा," ती म्हणाली, "एक इचारू? खरं सांगशील?"

"इचार."

तिनं त्याच्याकडं बघितलं. टोपी डोक्याला मोठी होत होती, ती कानावर उतरली होती. लांब वळणावर एस.टी.ची लाल पुढची बाजू दिसली.

"राहू दे," सिंधू म्हणाली, आणि त्याच्यासाठी गाडी थांबवायला तिनं हात वर केला.